सगळी पाहिली

तुम्ही माझ्या नवऱ्याच्या थडग्यावर खोटं लिहिलंत. छिन्नी तुमच्या हातात नव्हती, ती आमच्या चर्चमधल्या डेल्बर्टच्या हातात होती, आणि अक्षरं मीच सांगितली होती. पण खोटं तुमचं आहे. थर्मनला पुरून पाच महिने होत नाहीत तोवर तुम्ही सरकारवाल्यांनी राजधानीत बसून कुठल्याशा खर्चाच्या कायद्याच्या शेपटीला एक ओळ चिकटवलीत, कुणीतरी सही ठोकली, आणि आमच्या शहराच्या पूर्वेची वाळू, पोलादाच्या कारखान्याला खेटून सरोवराच्या काठाने पसरलेली ती टेकड्या-टेकड्यांची वाळू, राष्ट्रीय उद्यान झाली. ह्या देशातली सगळी राष्ट्रीय उद्यानं पाहायची म्हणून ज्या माणसाने आयुष्य घातलं, आणि खरोखर पाहिली, त्याच्या दगडावर काळ्या ग्रॅनाइटमध्ये मी कोरून घेतलं होतं : थर्मन गेन्स, सगळी पाहिली. डेल्बर्टने विचारलं होतं, 'सगळी म्हणजे काय, व्हर्डेल? लोकांना कळायला नको?' मी म्हटलं, ज्याला कळायचं त्याला कळेल. आता दगड म्हणतो सगळी, आणि तुमचा कागद म्हणतो एक राहिलं. तेही कुठलं, तर ज्या वाळूत मेलो तरी पाय ठेवणार नाही असं तो म्हणायचा, आणि त्याने मरून दाखवलं.

मला हे कळलं ते चौकात. मासे घेऊन घरी येत होते, बंद पडलेल्या फर्निचरच्या दुकानासमोर सिग्नल लाल होता. तिथे सरोवराकडे बाण दाखवणारी तपकिरी पाटी पहिल्यापासून आहे. घरात दाराशी ठेवलेली मोडकी खुर्ची जशी दिसेनाशी होते तशी ती मला दिसेनाशी झालेली होती. त्या दिवशी पाटी नवी होती, रंग ओला असावा तशी चकचकीत, आणि तिच्यावर दोन शब्द जास्त होते. माझ्या डोळ्यांनी वाचायच्या आधी ते हाताने वाचले. डावा हात आपोआप इंडिकेटरवर गेला, आणि गाडीत टिकटिक सुरू झाली. मी जन्मभर शाळेची बस चालवली, गाडी नेहमी मीच चालवायचे, आणि किती उन्हाळे, किती राज्यांमधून, तपकिरी पाटीवर राष्ट्रीय उद्यान एवढं दिसलं की माझा हात असाच जायचा. शेजारून थर्मन म्हणायचा, 'आली बघ, व्हर्डेल.' मग तो खिडकी खाली करायचा, बाहेर वाळवंट असो की बर्फ, आणि नाकाने हवा ओढायचा. मी बसले होते, टिकटिक चालली होती, शेजारच्या सीटवर कागदात गुंडाळलेले मासे होते, आणि मी वाट पाहत होते की कुणीतरी म्हणेल, आली बघ. सिग्नल हिरवा झाला. मागच्याने हॉर्न दिला. मी इंडिकेटर बंद केला आणि सरळ घरी आले. मासे मी तळले नाहीत. ते तसेच ओट्यावर राहिले, आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या घराला सरोवराचा वास यायला लागला.

आमचं हे वेड कसं सुरू झालं ते तुम्हाला सांगायला हवं, कारण त्याला कारण तुम्हीच. एका हिवाळ्यात कारखान्याने अर्ध्या लोकांना घरी बसवलं. थर्मन क्रेन चालवायचा, उंचावरच्या काचेच्या पेटीत बसून, खाली वितळलेलं लोखंड. आणि आता तो स्वयंपाकघरात बसून माझ्या वाटाण्याच्या शेंगा सोलत होता. टीव्हीवर तुमच्यातलाच कुणीतरी पर्वतासमोर उभा राहून बोलत होता, ही भूमी प्रत्येक नागरिकाच्या मालकीची आहे वगैरे. थर्मनने शेंग खाली ठेवली. म्हणाला, 'ऐकलंस? माझी आहे म्हणतोय.' मी म्हटलं, 'तुझी तर ही खुर्चीपण नाही, हप्ते चालू आहेत.' तो हसला नाही. म्हणाला, 'बघू या का, व्हर्डेल? सगळी. एक न सोडता. बघू, खरंच माझी आहेत का.' मला वाटलं, काम सुरू झालं की विसरेल. काम सुरू झालं, पण तो विसरला नाही. बाकीचे लोक देश बघायला निघतात, फोटो काढायला निघतात. थर्मन घरमालक भाडेकऱ्याच्या खोल्या तपासायला निघतो तसा निघाला.

पहिल्यांदा आम्ही केंटकीतल्या गुहा बघायला गेलो. तिथे वर, गवतात, त्याने बूट काढले. मोजे काढून बुटांत कोंबले आणि अनवाणी उभा राहिला, दोन्ही पाय जमिनीला लावून. मी म्हटलं, 'अरे, काय करतोयस, लोक बघतायत.' तो म्हणाला, 'मोजतोय.' तेव्हापासून तोच नियम. ही उद्यानं गोळा करणारे लोक खूप आहेत, निवृत्त गोरी जोडपी बहुतेक, घराएवढ्या गाड्या घेऊन फिरतात, आणि संध्याकाळी शेकोटीभोवती त्यांचा एकच वाद असतो : काय धरायचं आणि काय नाही. एक म्हणतो, रात्र काढल्याशिवाय धरायचं नाही. दुसरा म्हणतो, गाडीतून बघितलं तर ते बघितलंच नाही. कुणी म्हणतं, काउंटरवर वहीत उद्यानाचा शिक्का मारून घेतला की झालं. थर्मन ऐकून घ्यायचा आणि शेवटी सांगायचा, 'बूट काढायचे. दोन्ही पाय जमिनीवर. आणि कुणाची परवानगी मागायची नाही. मग ते धरायचं.' यूटामधला एक म्हातारा त्याला म्हणाला होता, 'आणि जमीन बर्फाची असली तर?' थर्मन म्हणाला, 'तर लवकर मोजायचं.' सगळी शेकोटी हसली होती. पण त्याच म्हाताऱ्याने दुपारी, आमची गाडी आत शिरताना, काच ठोकून विचारलं होतं, वाट चुकलात का. असं आम्हाला सगळीकडे विचारलं गेलं. प्रेमाने, काळजीने, हसून, कधी हातात टॉर्च घेऊन. वाट चुकलात का. थर्मनचं उत्तर ठरलेलं, 'नाही, मोजतोय.' अलास्कात छोट्या विमानातून त्या नदीकाठी उतरलो, जिथे रस्ता नाही, माणूस नाही, तिथे बूट काढताना तो म्हणाला, 'व्हर्डेल, इथे विचारायला कुणी नाही गं.' आणि रडला. पायांची बोटं निळी पडली तरी बूट घालेना.

अनवाणी का, हे मी बरीच वर्षं विचारलं नाही. माणसाच्या लहरी असतात, मी समजले. मग कोलोराडोत ती वाळू आली, डोंगराच्या पायथ्याशी उभे राहिलेले वाळूचे डोंगर. मी बूट काढून पुढे निघाले होते, मागे बघते तर हा एक पाय उचलून तसाच उभा, बगळ्यासारखा, मान वाकडी करून. काहीतरी ऐकत होता. मग त्याने पाय खाली ठेवला, दाबला, पुन्हा ठेवला. म्हणाला, 'वाजत नाही.' मी म्हटलं, 'काय वाजत नाही?' म्हणाला, 'वाळू. आपल्याकडची वाजते.' आणि तिथे, त्या परक्या वाळूत मांडी घालून बसून, आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर, त्याने मला ते सांगितलं. माझ्याकडे न बघता. वाळू मुठीत घेऊन सोडत.

तो अकरा वर्षांचा होता. थोरली बहीण ओसी चौदाची. आईने ईस्टरला घेतलेले बूट त्याच्या पायात, तपकिरी, नाडीचे. ते रोज घालायचे नव्हते, पण त्याने घातले होते, कारण सरोवर बघायला जायचं होतं. घरापासून सरोवर लांब नव्हतं. शहरातल्या प्रत्येक काळ्या पोराला सरोवराचा वास येत होता आणि कुणी ते पाहिलेलं नव्हतं, कारण तिकडे जायचं नसतं एवढं सगळ्यांना माहीत होतं. हे दोघं आगगाडीच्या रुळांवरून चालत गेले. टेकडी उतरून वाळूत आले, आणि वाळू पायाखाली वाजायला लागली. कोरडी, बारीक वाळू आहे ती, पाय घासला की कुईकुई करते. त्याला इतकं हसू आलं की त्याने बूट काढले, अनवाणी वाजवून बघायला. मग पाण्याकडे पळत सुटला. पाण्यापर्यंत पोचला नाही. माणसं उठली. पोहायला आलेली माणसं, छत्र्यांखालची, ओल्या अंगाची. कुणी काही ओरडलं नाही, असं तो म्हणाला. ती नुसती उठली आणि चालत यायला लागली, आणि सगळीकडून वाळू वाजायला लागली. एकाच्या हातात त्याच्या लेकराची खेळण्यातली पत्र्याची बादली होती, वाळूने भरलेली. ती त्याने थर्मनच्या कानशिलावर मारली. वर फळ्यांच्या वाटेवर एक पोलीस आइसक्रीम खात उभा होता. तो म्हणाला, 'पळा, पोरांनो.' एवढंच. ओसीने ह्याला दंडाला धरून ओढत नेलं. बूट मागे राहिले. रुळांतली खडी तापलेली, त्यावरून तो अनवाणी घरी आला. आईने बुटांसाठी आधी मारलं आणि मग तळपायांना डुकराची चरबी लावली. कानशिलाचं तिने विचारलं नाही. तिला कळलं होतं. 'पाठीमागून वाजत होतं,' थर्मन मला म्हणाला, 'ते वाजणं अजून आहे.' मग उठला, दोन्ही पाय त्या मुक्या वाळूत रोवले, आणि म्हणाला, 'चल, हे मोजलं.'

आणि ह्या माणसाने पुढे सगळी नोकरी त्याच वाळूला लागून केली. क्रेनच्या काचेतून त्याला ती दिसायची, रोज, लोखंडाच्या लाल उजेडापलीकडे पिवळी पट्टी. पुढे काळ्यांवरची बंदी गेली, आमच्या मंडळींची पोरं तिथे पोहायला लागली, चर्चच्या सहली जायला लागल्या. नदीनला, आमच्या मुलीला, मीच न्यायचे, आणि तिला वाळूकडे सोडून गाडीत बसून राहायचे. तो गेला नाही म्हणून मी गेले नाही. तिच्या केसांत वाळू यायची तर तो तिला दाराबाहेर झटकायला लावायचा.

आधीही एकदा तुम्ही असंच केलं होतंत, तुम्हाला आठवत असेल. आम्ही सगळी संपवून बसलो होतो, केक कापून झाला होता, आणि तुम्ही मिसूरीतली ती मोठी पोलादी कमान एकदम राष्ट्रीय उद्यान करून टाकलीत. थर्मनच्या नाकात तेव्हा ऑक्सिजनची नळी होती. तो म्हणाला, 'कमान म्हणजे रान आहे का? उद्या हे माझ्या क्रेनला उद्यान म्हणतील.' पण गेलो आम्ही. नियम तो नियम. कमानीखालच्या हिरवळीवर मी त्याचे बूट काढले, कारण त्याला वाकता येत नव्हतं, आणि त्याने पाय ठेवले. सुजलेले, चकाकणारे पाय. म्हणाला, 'आता ह्यांना म्हणावं, बस करा.' तुम्ही बस केलं नाहीत.

पाटी बघितल्यावर त्या रविवारी मी ओसीला आणि नदीनला जेवायला बोलावलं. ओसी आता काठी घेऊन चालते, पण जीभ चालायला काठी लागत नाही. मी सांगितलं. नदीन म्हणाली, 'आई, त्यात काय एवढं? बाबांचे बूट घेऊन जाऊ, वाळूत ठेवू, मी फोटो काढते. झालं. खूप लोक करतात असं.'

ओसी मक्याच्या पावाला लोणी लावत होती. म्हणाली, 'त्याचे एक जोड बूट तिथे आहेतच, पोरी. आधीपासून.'

नदीनने माझ्याकडे बघितलं. तिला कुणी कधी सांगितलं नव्हतं. ओसीने चार वाक्यांत सांगितलं, लोणी लावणं न थांबवता. नदीनने हातातला काटा ताटात ठेवला. मग म्हणाली, 'मग दगडाचं काय करायचं?'

'डेल्बर्टला सांग, पुढे कोर म्हणावं, एक सोडून,' ओसी म्हणाली. 'जागा आहे का दगडावर?'

'ओसी, चेष्टा नको गं.'

'चेष्टा कुठे करतेय? त्याला आवडलं असतं. सगळी पाहिली, एक सोडून, आणि ते का सोडलं ते तुमच्या बापाला विचारा. मोठा दगड लागेल, बये, पण मी देईन पैसे.'

आम्ही तिघी हसलो. खूप हसलो, नदीन तर उठून सिंकपाशी गेली. पण रात्री ताटं विसळताना ते शब्द परत आले. एक सोडून. म्हणजे शेवटी त्या बादलीवाल्याचंच खरं झालं. त्याने एका पोराला एका वाळूतून हाकललं, आणि इतक्या वर्षांनी त्या पोराच्या दगडावर त्यासाठी जागा करायची. नाही. थर्मन दुसऱ्या कुणाच्या हाताने अपुरा राहणार नाही. आणि तरी दगडावर खोटंही नको. तो खोटं बोलायचा नाही. एका उद्यानात वादळामुळे होडीतून उतरता आलं नाही, तर ते त्याने धरलं नाही, दोन वर्षं पैसे साठवून पुन्हा गेला.

म्हणून आज मी इथे आले. तुमच्या माहिती केंद्रात. आत थंडगार आहे, लाकडाचा वास आहे, भिंतीवर पक्षी आहेत. काउंटरमागे तुमची रेंजर मुलगी, नवीन टोपी, नाकावर ऊन लागलेलं, नाव ब्रिजेट. चांगली मुलगी आहे, तिच्यावर माझा राग नाही. मी म्हटलं, माझा नवरा उद्यानं मोजायचा, सगळी पाहून मेला, आणि मग हे झालं. त्याचं काय धरायचं?

तिचा चेहरा पडला. म्हणाली, 'अरेरे, मॅडम. थोडक्यात चुकलं की.' मग उजळला. 'पण तुम्ही इथलेच ना? म्हणजे ते इथेच वाढले?'

'इथेच.'

'मग वाळूत आले असतीलच कधीतरी.'

मी म्हटलं, 'एकदा.'

'एकदा पुरे आहे की. दर्जा नंतर मिळाला तरी आधीची भेट सगळे धरतात. आमच्याकडे किती जण विचारतात हे. लहान असताना आले होते?'

'अकरा वर्षांचा होता. अनवाणी.'

ती हसली, मनापासून. 'वाळूत अनवाणीच यायला हवं, मॅडम. आमची वाळू गाते, माहितीये ना? बूट घातले की नीट ऐकू येत नाही.' आणि तिने भिंतीवरची पाटी दाखवली. तिथे तुम्ही लिहिलंय : गाणारी वाळू. खाली एका गोऱ्या पोराचं हसरं चित्र. 'मग झालं तर,' ती म्हणाली, 'अभिनंदन. त्यांची सगळी झाली. सुरुवातच इथून झाली म्हणायची.'

तिचं बरोबर होतं. बूट काढलेले. दोन्ही पाय जमिनीवर. आणि त्याने कुणाची परवानगी मागितली नव्हती. त्याच्या स्वतःच्या नियमात ती दुपार अशी बसते, जशी किल्ली कुलपात बसते, आणि मला पहिल्यांदाच वाटलं की नियमच त्या दुपारीतून घडवलेला होता. केंटकीच्या गवतात तो पहिलं मोजत नव्हता. दुसरं मोजत होता. की तसं नाही? की बाकीची सगळी त्याने एकावर एक रचली, डोंगर, बर्फ, ज्वालामुखी, दलदल, त्या एका वाळूचा आवाज दाबायला? मला ठाऊक नाही. ज्याला ठाऊक होतं त्याच्यावर मी ग्रॅनाइट ठेवलाय. हो म्हणावं, ती भेट धरावी, तर बादलीवाला, पोलीस, आइसक्रीम, सगळे त्याच्या प्रवासात येतात, त्याला उद्यान दाखवणारे म्हणून. नाही म्हणावं तर दगड खोटा. मुलीने शिक्का पुढे केला, म्हणाली, मारून घ्या, आठवण राहील. मी म्हटलं, आठवण आहे.

आता मी गाड्या लावायच्या जागेच्या कडेला उभी आहे. इथे डांबर संपतं आणि वाळू सुरू होते. पोरं पाण्यात आहेत, आमची, त्यांची, सगळ्यांची, प्लास्टिकच्या रंगीत बादल्या घेऊन. मी कुणाला दिसतसुद्धा नाही; कुणी उठत नाही, वाट चुकलात का असंही कुणी विचारत नाही. एक पोरगी पळत गेली आणि वाळू वाजली. पलीकडे कारखान्याची धुरांडी आहेत आणि तिथल्या एका क्रेनमध्ये आज दुसरा कुणी बसला असेल. मी बूट काढलेत. हातात धरलेत, सोडणार नाही.

तुम्ही सही केलीत तेव्हा ह्या वाळूबरोबर ती दुपारही तुमच्या ताब्यात आली. वाळू ठेवायची आणि दुपार झटकून टाकायची, नदीनच्या केसांतल्यासारखी, दाराबाहेर, हे मी चालू देणार नाही. तेव्हा सांगा. पाण्यापर्यंत न पोचलेला, अनवाणी, अकरा वर्षांचा थर्मन गेन्स त्या दुपारी तुमच्या उद्यानात आला होता की नव्हता? आला होता म्हणत असाल, तर ते तिथे लिहा, गाणाऱ्या वाळूच्या पाटीखाली, तो कसा आला आणि कसा गेला ते, त्याच्या नावासकट. नव्हता म्हणत असाल, तर तेही लिहून द्या, म्हणजे मी डेल्बर्टला छिन्नी घेऊन बोलावते. ओसीच्या पैशांनी मोठा दगड घेऊ. दोन्हीपैकी एक. माझे पाय अजून डांबरावर आहेत आणि डांबर तापतंय. बोला.